गेरासिमचे खांदे : ‘इव्हान इलिच’ आणि ‘बीइंग मॉर्टल’ यांच्या निमित्ताने

सायंकाळच्या जपमाळेत ‘नमो मारिया’ ही प्रार्थना आपण ५३ वेळा म्हणतो. प्रत्येक वेळी मरणाच्या घटकेचा उच्चार होतो आणि त्या घटकेसाठी पवित्र मातेची मध्यस्थी मागितली जाते. त्याच घरात एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला असाध्य आजार जडला, की मात्र हा शब्द घरातून हद्दपार होतो. तपासण्यांची फाईल कपाटात दडवली जाते. डॉक्टरांना दाराबाहेर गाठून ‘त्यांना काही सांगू नका’ अशी गळ घातली जाते. भेटीस येणाऱ्यांना उंबरठ्यावरच समज दिली जाते. हे सारे प्रेमापोटी घडते, याविषयी शंका नाही. परंतु या प्रेमाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न उरतोच. तो ज्यांनी निर्भयपणे विचारला अशा दोन पुस्तकांचा एकत्र विचार करण्याचा येथे मानस आहे. पहिले लिओ टॉलस्टॉय यांची १८८६ साली प्रसिद्ध झालेली दीर्घकथा ‘इव्हान इलिचचा मृत्यू’, आणि दुसरे अमेरिकेतील शल्यविशारद अतुल गावंडे यांचे २०१४ साली आलेले ‘बीइंग मॉर्टल’, म्हणजे मर्त्य असणे.

ही जोडी आम्ही ओढूनताणून जमवलेली नाही. गावंडे यांनी आपल्या पुस्तकाचा आरंभच टॉलस्टॉयच्या या कथेने केला आहे. वैद्यकीय विद्यार्थी असताना एका चर्चावर्गात त्यांनी ती वाचली होती. इव्हान इलिचच्या डॉक्टरांजवळ ना प्रामाणिकपणा होता ना माया, पण आपल्या पिढीत तसे होणार नाही, अशी त्या तरुण विद्यार्थ्यांची समजूत होती. पुढे शस्त्रक्रिया करू लागल्यावर ती समजूत कशी टिकली नाही, याची हकिकत म्हणजे हे पुस्तक. शिवाय त्याचा एक धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. लेखकाचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावचे. तेथून ते अमेरिकेत गेले आणि ओहायो राज्यातील अथेन्स या लहानशा शहरात मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून स्थिरावले. त्यांचा शेवटचा आजार हा या पुस्तकाचा कणा आहे.

टॉलस्टॉयची कथा

इव्हान इलिच हा ४५ वर्षांचा प्रतिष्ठित न्यायाधीश. नव्या घरातील पडदे कसे लावावेत हे दाखवताना तो शिडीवरून घसरतो आणि त्याच्या कुशीला मार बसतो. निमित्त इतके क्षुल्लक, पण दुखणे वाढत जाते. डॉक्टर येतात, मूत्रपिंड की आंत्रपुच्छ यावर विद्वत्तापूर्ण खल करतात. रुग्णाच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो : मी मरणार आहे काय? त्याचे उत्तर कोणी देत नाही. पत्नी औषधाच्या वेळा सांभाळते आणि तो पथ्य पाळत नाही म्हणून त्यालाच दोष देते. पत्नी आणि मुलगी नटूनथटून नाटकाला निघतात. तो केवळ आजारी आहे, मरणाच्या वाटेवर नाही, हे असत्य सारे घर एकमताने जपत राहते. टॉलस्टॉय स्पष्टपणे नोंदवतात, की वेदनेपेक्षाही या असत्याने त्याला अधिक छळले.

या घरात एकच माणूस खोटे बोलत नाही. तो म्हणजे गेरासिम, खेड्यातून आलेला तरुण नोकर. मालकाची घाण तो निमूटपणे उचलतो. पाय उंच धरले की मालकाला बरे वाटते, म्हणून रात्र रात्र ते पाय आपल्या खांद्यांवर घेऊन बसतो. एकदा तो सहज बोलून जातो, की आपण सगळेच मरणार आहोत, मग थोडे श्रम घेतले म्हणून काय बिघडले? या साध्या उद्गारात मालकाचे मरण मान्य केलेले आहे, आणि म्हणूनच त्यातून त्याला सांत्वन मिळते. टॉलस्टॉयने गेरासिमला पंडित केले नाही की संतही केले नाही. त्याचे खांदे मजबूत आहेत आणि तो सत्याला भीत नाही, एवढेच त्याचे भांडवल.

कथेतील एक प्रसंग आपण कॅथलिक वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. अखेरच्या दिवसांत पत्नी धर्मगुरूंना बोलावण्याची गोष्ट काढते. पण ती कशी? त्याने अपाय तर काही होत नाही, झाला तर फायदाच होतो, धडधाकट माणसेही संस्कार घेतात, अशा भाषेत. इव्हान इलिच पापनिवेदन करतो, त्याचे मन द्रवते, ख्रिस्तप्रसाद घेताना त्याच्या डोळ्यांत पाणी येते. क्षणभर खरोखर हलके वाटते. इतक्यात पत्नी आत येऊन त्याचे अभिनंदन करते आणि विचारते, बरे वाटतेय ना? तो ‘हो’ म्हणतो, आणि त्याच क्षणी त्याचे मन तिच्याविषयीच्या द्वेषाने भरून जाते. संस्कार खरा होता, परंतु तो असत्याच्या वेष्टनात गुंडाळून दिला गेला होता.

हा प्रसंग रशियातील आहे असे म्हणून आपल्याला सुटका करून घेता येणार नाही. धर्मगुरूंना अगदी शेवटी, बहुधा शुद्ध हरपल्यावर बोलवायचे आणि रुग्ण सावध असलाच तर ‘फादर सहज भेटायला आले आहेत’ असे सांगायचे, हा आपल्याकडील परिपाठच नव्हे काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले आहे, की तैलाभ्यंग हा केवळ अखेरच्या घटका मोजणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला संस्कार नाही. आजाराने किंवा वार्धक्याने मरणाचा धोका उद्भवू लागताच तो घेण्याची योग्य वेळ झालेली असते. मरणोन्मुख माणसाचा खास संस्कार म्हणजे अखेरचा ख्रिस्तप्रसाद, वाटेची शिदोरी. पण ज्याला आपण वाटेला लागलो आहोत हेच सांगितलेले नाही, त्याच्या हाती शिदोरी कोणत्या नावाने द्यायची?

गावंडे यांचे प्रश्न

टॉलस्टॉयच्या डॉक्टरांकडे उपाय नव्हते. गावंडे यांच्या डॉक्टरांकडे ते भरमसाट आहेत, आणि नेमकी तीच अडचण होऊन बसते. पुस्तकातील सर्वांत अस्वस्थ करणारी कहाणी ३४ वर्षांच्या एका गर्भवती स्त्रीची आहे. तिने कधी धूम्रपान केलेले नसते, तरी पहिल्या बाळंतपणाच्या तोंडावर तिला फुफ्फुसाचा पसरलेला कर्करोग निघतो. एक औषध निष्प्रभ ठरले की दुसरे, दुसऱ्यानंतर तिसरे. हे कोठे थांबवायचे याविषयी कोणी तोंड उघडत नाही. गावंडे स्वतःलाही सोडत नाहीत. या स्त्रीला थायरॉइडचा आणखी एक कर्करोग होता आणि त्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते तिला भेटले होते. फुफ्फुसाच्या आजाराने ती आधीच जाणार हे ठाऊक असूनही, प्रायोगिक औषधाचा कदाचित दोन्हींवर उपयोग होईल असे ते बोलून गेले. अवघड संभाषण टाळण्याची ती पळवाट होती, हे ते मान्य करतात. टॉलस्टॉयचे असत्य येथे पांढरा डगला घालून पुन्हा अवतरले आहे.

डॉक्टर रुग्णालाच नव्हे, तर स्वतःलाही फसवतात. निकोलस क्रिस्ताकिस यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा आधार गावंडे घेतात. मरणोन्मुख रुग्ण किती जगेल याचा अंदाज ६३ टक्के डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगितला होता, आणि रुग्णाशी परिचय जितका जुना तितकी चूक होण्याचा संभव अधिक होता. माया अंदाज बिघडवते, असा याचा सरळ अर्थ.

मग करायचे काय? गावंडे कोणताही चमत्कार सुचवीत नाहीत. ते काही साधे प्रश्न देतात. आपल्या आजाराविषयी तुम्हाला काय समजले आहे? कशाची भीती वाटते? उरलेल्या काळात काय साधावे असे वाटते? थोडा अधिक काळ मिळावा म्हणून काय सोसायला तयार आहात, आणि काय मुळीच नको? हे प्रश्न त्यांनी शामक उपचारांच्या तज्ज्ञ सुझन ब्लॉक यांच्याकडून शिकले. त्यांच्या वडिलांच्या मानेतील गाठीवर शस्त्रक्रिया व्हायची होती. आदल्या रात्री त्यांनी धीर करून वडिलांना विचारले, तेव्हा त्या निवृत्त प्राध्यापकांनी उत्तर दिले, की चॉकलेट आइस्क्रीम खाता येत असेल आणि दूरदर्शनवर फुटबॉल पाहता येत असेल, तर मी जगायला तयार आहे. मुलगी चकित झाली, कारण वडिलांनी फुटबॉल पाहिल्याचे तिला आठवत नव्हते. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव झाला आणि पुन्हा कापायचे की नाही हे क्षणात ठरवायची वेळ आली, तेव्हा त्या उत्तराच्या आधारे तिने होकार दिला. तिने विचारलेच नसते, तर तो निर्णय तिला अंधारात घ्यावा लागला असता.

शामक उपचार म्हणजे हात टेकणे, हा समजही हे पुस्तक दूर करते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टन येथील अभ्यासात फुफ्फुसाच्या प्रगत कर्करोगाचे १५१ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, उरलेल्यांना त्यांच्या जोडीने आरंभापासून शामक उपचारांच्या तज्ज्ञांची भेट. दुसऱ्या गटाने अखेरच्या काळात तीव्र औषधे कमी घेतली, त्यांना यातना कमी झाल्या, आणि ते सरासरी जवळजवळ तीन महिने अधिक जगले. उपचार सोडायचे किंवा लढत राहायचे, असे दोनच रस्ते नसतात. मूळ आजारावरचे औषध चालू ठेवून वेदनाशमन करता येते, घरीच परिचारिकेची मदत घेता येते, किंवा अखेरच्या काळासाठी असलेल्या शुश्रूषागृहात जाता येते. नळ्या आणि कृत्रिम श्वासयंत्र कोठवर वापरायचे हेही आधीच ठरवता येते. हे पर्याय माहीत असणे महत्त्वाचे, पण त्यांतील कोणता आपला हे केवळ रुग्णाच्या उत्तरातून कळते.

स्वतःच्या वडिलांच्या आजारात गावंडे यांची कसोटी लागली. पाठीच्या कण्यातील गाठ २००६ साली लक्षात आली. एक शल्यविशारद तातडीने शस्त्रक्रियेचा आग्रह धरतो. दुसरा, एडवर्ड बेन्झेल, आधी खुर्ची ओढून बसतो, वडिलांचे प्रश्न शेवटपर्यंत ऐकतो आणि थांबण्यास हरकत नाही म्हणतो. त्यानंतर बराच काळ वडील कामात होते, लोकांत होते. शस्त्रक्रिया झाली ती २०१० साली, त्यांनी स्वतः ठरवलेल्या वेळी. पुढे शुश्रूषा घरीच चालली आणि २०११ साली आप्तांच्या सान्निध्यात त्यांचे निधन झाले. डॉक्टर, तोही मुलगा, आणि तरीही वडिलांना ‘तुम्हाला कशाची भीती वाटते’ एवढे विचारताना त्याची जीभ अडखळते, हे वाचताना आपल्यालाही धीर येतो.

जेथे पुस्तक तोकडे पडते

इतके मोठे ऋण मान्य केल्यावर या पुस्तकाच्या मर्यादाही सांगणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा घराविषयीची. गावंडे यांचे आजोबा सीताराम गावंडे जवळजवळ ११० वर्षे जगले. ते रोज घोड्यावरून शेतावर फेरी मारीत, आणि बसमधून उतरताना पडल्याचे निमित्त होऊन वारले. अमेरिकेतील वृद्धाश्रमांच्या पार्श्वभूमीवर हे चित्र मोहक दिसते. ते दिवस परत येणार नाहीत, तरुणांनाही स्वातंत्र्य हवे असते, हे लेखक सांगतो. मुलगी वृद्ध वडिलांना सांभाळताना कशी पिचून जाते, याची एक अमेरिकन कहाणीही तो सहृदयतेने सांगतो. पण उटीच्या त्या घरातील लेकीसुनांचा आवाज मात्र फारसा ऐकू येत नाही. आपल्याकडे गेरासिमचे काम बहुधा सूनच करते. अंघोळ, मलमूत्र, रात्रीचे जागरण तिच्याकडे, आणि डॉक्टरांशी बोलणी पुरुषांकडे, ही वाटणी जोवर बदलत नाही, तोवर घरी मरण येणे या कल्पनेचे गोडवे गाताना जपून बोलले पाहिजे.

दुसरी मर्यादा गंभीर आहे. स्वेच्छेने मरण पत्करण्यासाठी डॉक्टरांनी औषध लिहून द्यावे काय, या प्रश्नावर गावंडे घुटमळतात. तशा कायद्याला आपण पाठिंबा देऊ असे ते म्हणतात, आणि लगेच नेदरलँड्सचे उदाहरण देऊन भयही व्यक्त करतात, की मरणाची सोय हाताशी आली की चांगल्या शुश्रूषेचा प्रयत्न मागे पडतो. हे भय त्यांच्याच पुस्तकातील युक्तिवादाला अधिक धरून आहे. माणसाला भार वाटू न देणे हे ज्या पुस्तकाचे सार, त्याने भार संपवण्याच्या वाटेला संमती देऊ नये.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे अधिक सुसंगत आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांना वाटते तितकी ती कठोर नाही. प्रत्येक यंत्र, प्रत्येक औषध अखेरपर्यंत वापरलेच पाहिजे, असे तिने कधीही सांगितलेले नाही. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सामान्य आणि असामान्य उपाय यांत भेद केला. जे उपाय रुग्णाला किंवा घराला असह्य ओझे होतात, ते स्वीकारण्याचे बंधन नाही. १९८० च्या घोषणापत्राने हाच विचार उपायांच्या प्रमाणबद्धतेच्या भाषेत मांडला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या ‘एव्हांजेलियुम व्हिते’ या परिपत्रकात दयामरणाचा निःसंदिग्ध निषेध केला, आणि त्याच परिच्छेदात निष्फळ उपचारांचा अट्टाहास सोडणे म्हणजे दयामरण नव्हे, असेही स्पष्ट केले. वेदनाशामकांनी शुद्ध मंदावली किंवा, मरण घडवण्याचा हेतू नसताना, आयुष्य किंचित कमी झाले, तरी ती देण्यास हरकत नाही. अन्न, पाणी, स्वच्छता, सोबत ही मूलभूत शुश्रूषा मात्र कधीही थांबवायची नाही. अन्नपाणी शरीराला चालेनासे झाले किंवा त्याचाच त्रास होऊ लागला, तर गोष्ट वेगळी. २०२० च्या ‘सामारितानुस बोनुस’ या पत्रात हे सारे पुन्हा सविस्तर आले आहे. स्वतः दुसऱ्या जॉन पॉल यांनी २ एप्रिल २००५ रोजी प्राण सोडला तो व्हॅटिकनमधील आपल्या निवासात.

भारतीय कायद्याची भाषा येथे थोडा गोंधळ निर्माण करते. ९ मार्च २०१८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला, आणि आपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी ही पद्धत सोपी झाली. आता असा लेख दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतो. प्रत्यक्ष निर्णयाच्या वेळी डॉक्टरांची दोन मंडळे मत देतात. न्यायालयाने यासाठी ‘निष्क्रिय दयामरण’ हा शब्द वापरला. त्यात निष्फळ यंत्र काढणे आणि अन्नपाणी तोडणे या दोन भिन्न गोष्टी एकाच टोपलीत पडण्याचा धोका आहे. म्हणून असा लेख करणाऱ्या कॅथलिक व्यक्तीने कोणते उपचार नकोत हे लिहितानाच, कोणती शुश्रूषा हवी हेही लिहावे, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाशी आधी मनमोकळे बोलून घ्यावे. लेखापेक्षा ते बोलणेच अधिक मोलाचे.

कथेचा शेवट

तिसरी मर्यादा वाङ्मयीन आहे, आणि आमच्या मते तीच सर्वांत अर्थपूर्ण. गावंडे टॉलस्टॉयला गेरासिमपर्यंत घेऊन जातात आणि तेथेच थांबतात. कथा मात्र पुढे जाते. तीन दिवस अखंड आक्रोश केल्यानंतर, मृत्यूच्या तासाभरापूर्वी, इव्हान इलिचचा हात त्याच्या शाळकरी मुलाच्या डोक्यावर पडतो. मुलगा तो हात ओठांशी नेऊन रडू लागतो. घरातील मोठी माणसे जे करू शकली नाहीत ते या लेकराने केले, वडील मरत आहेत हे त्याने लपवले नाही. त्या क्षणी बापाला आपले दुःख विसरून त्यांची कीव येते. त्याला ‘क्षमा करा’ म्हणायचे असते, पण जीभ वळत नाही आणि दुसराच शब्द उमटतो. ज्याला समजायचे त्याला तो समजेल, या विश्वासाने तो दुरुस्तीही करीत नाही. मग भय उरत नाही. मरणाच्या जागी त्याला प्रकाश दिसतो.

गावंडे यांचे पुस्तक अखेरच्या दिवसांत माणसाला त्याच्या आयुष्यकथेचा कर्ता राहू द्यावे, एवढे मागते. मागणी रास्त आहे. टॉलस्टॉय त्यापुढचे पाऊल टाकतात. माणसाला केवळ स्वतःची इच्छा सांगायची नसते, त्याला क्षमा मागायची असते, द्यायची असते, निरोप घ्यायचा असतो. वडिलांच्या अस्थी घेऊन वाराणसीला गेलेले गावंडे, स्वतः तितके श्रद्धाळू नसूनही, विधीपूर्वक गंगाजल प्राशन करतात, तेव्हा वैद्यकाच्या पलीकडील या गरजेचा स्पर्श त्यांनाही झाल्याचे जाणवते. परंतु तो होतो तो मरणानंतर. सत्य वेळेवर सांगितले गेले, तर हा अवकाश जिवंतपणीच लाभतो.

गेरासिम केवळ कथेत नसतो. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी आपली सहकारी अरुणा शानबाग हिची १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, शुश्रूषा केली. वांद्र्याला १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले. मरणोन्मुख कर्करुग्णांसाठी भारतातील हे पहिले शुश्रूषागृह. तेथे धर्मभगिनी रुग्णांची सेवा करतात, आणि पुढे गोवा व दिल्ली येथेही त्याच्या शाखा निघाल्या. मॉर्फिनसारखी वेदनाशामके १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे फार दुर्मीळ झाली होती. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कायद्याची वाट पुष्कळ मोकळी झाली आहे. साधने अपुरी आहेत, पण ती नाहीतच असे म्हणता येणार नाही.

नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. त्या महिन्यात धर्मग्रामांतील वाचकगटांनी ही दोन पुस्तके एकत्र वाचावीत, असे सुचवावेसे वाटते. टॉलस्टॉयची कथा एका रविवारच्या दुपारी वाचून होते, गावंडे यांना महिना द्यावा लागेल. आणि वाचून झाल्यावर, घरातील आईवडील धडधाकट असतानाच, कोणा एकाने त्यांच्याजवळ बसून ते साधे प्रश्न विचारावेत. उत्तर कदाचित आइस्क्रीम आणि फुटबॉल इतके साधे निघेल. कदाचित ते एखाद्या दुरावलेल्या भावाचे नाव घेतील. तसे झाले, तर दुसऱ्या दिवशी त्या भावाला फोन लावावा. औषधांची यादी नंतरही करता येईल.